बघायला जाणे

आमच्याकडे कुणी ‘जरा बघायला जाऊन येते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या दवाखान्यात? मुलगी बघायला जाणं वेगळं, प्लॉट बघायला जाणं वेगळं. काय ते न सांगता नुसतंच ‘बघायला’ म्हटलं की ते पेशंटलाच. पिशवीत चार मोसंबी, बिस्किटाचा पुडा, नातं जवळचं असेल तर डब्यात मऊ भात आणि वर तूप. संध्याकाळी चार ते सहा. तिथं जाऊन करायचं काय, तर कॉटच्या कडेला उभं राहायचं. ‘आता बरंय ना?’ विचारायचं, सलाइनच्या बाटलीकडे जाणकारासारखी एक नजर टाकायची, आणि शेजारच्या कॉटवरच्याला काय झालंय त्याचीही हळूच चौकशी करून घ्यायची.

माझी आई चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. म्हणजे या बघण्याच्या पलीकडच्या बाजूला. लोक बघायला यायचे आणि सहा वाजले की त्यांना बाहेर काढायचं काम हिचं. ‘चला, झाली वेळ’ हे ती मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत म्हणू शकते. सोलापुरात चार भाषा येणं ही काही विद्वत्ता नव्हे. पण चारही भाषांत तोच आवाज लावता येणं, ही नोकरीतली कमाई.

धाकट्या भावाला कंपनीनं दोन वर्षांसाठी माद्रिदला पाठवलं, आणि ‘आईला घेऊन ये, आईला घेऊन ये’ असा त्याचा सारखा फोन. आईचे गुडघे गेलेत, विमानाचं तिला अप्रूप नाही, आणि शेंगाची चटणी अन् कडक भाकऱ्या कस्टमवाले काढून घेतील ही खरी काळजी. नाही घेतल्या. ऑक्टोबरात आम्ही पोचलो. चार दिवस राजवाडा, चौक, चर्च असं सगळं झालं. पाचव्या दिवशी मी म्हटलं, “आज चित्र बघायला जायचं. पिकासोचं.”

“बसायला जागा आहे का तिथं?” आईनं विचारलं.

संग्रहालयाचं नाव रेइना सोफिया, म्हणजे राणी सोफिया. आतोचा नावाच्या मोठ्या रेल्वे स्टेशनासमोरच. संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट सोडतात, म्हणून आम्ही सात वाजता रांगेत उभ्या. (परदेशात गेलं की आपण सगळे एकदम काटकसरी होतो.) रांग चौकात वळून गेलेली. हातात पिशव्या, कडेवर मुलं, कुणीतरी मागून पुढं घुसतंय, दारावरचा माणूस सगळ्यांच्या बॅगा तपासतोय. आई सगळं निरखून म्हणाली, “सात ते नऊ व्हिजिटिंग अवर का?”

मी हसले. तोवर मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

आत गेल्यावर ती थांबली. मला वाटलं दम लागला. समोर लांबलचक कमानदार गॅलरी, पांढऱ्या भिंती, डोक्यावर इतक्या उंचावर छत की मान दुखावी. एका बाजूला उंच खिडक्यांची ओळ, आणि खिडक्यांपलीकडे चौकोनी अंगणात झाडं, त्यांच्यात काल्डर या अमेरिकन शिल्पकाराचं एक मोठं लोखंडी शिल्प वाऱ्यावर सावकाश फिरत होतं. उन्हं उतरत होती. आईनं काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात पसरले, एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं.

“हा दवाखाना आहे,” ती म्हणाली.

“आई, तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? ही रुंदी बघ की. दोन स्ट्रेचर समोरासमोरून आली तरी घासणार नाहीत. घरात एवढा बोळ कोण ठेवतो? शाळेत एवढी उंची कोण देतो?” मग ती पुढच्या दालनात शिरली आणि कामालाच लागली. “इथं कॉट. डोकं भिंतीकडं, पाय मधल्या वाटेकडं. हे लॉकर. ही दुसरी कॉट. आणि सिस्टरचं टेबल…” तिनं काठीनं कोपरा दाखवला. त्या कोपऱ्यात खुर्चीवर संग्रहालयाची एक बाई पहाऱ्याला बसलेली होती. काठी आपल्याकडं रोखलेली बघून ती जरा दचकली. “बघ. बरोबर तिथंच बसलीय. तिथनं सगळा वॉर्ड दिसतो.”

तिचं बरोबर होतं. ही इमारत दोनशे वर्षांच्या आसपास दवाखानाच होती.

सोळाव्या शतकात दुसऱ्या फिलिप राजानं माद्रिदमधले विखुरलेले लहान लहान दवाखाने एकत्र आणून एक जनरल हॉस्पिटल केलं. गावची वस्ती वाढली, ती जागा पुरेना, म्हणून अठराव्या शतकात सहाव्या फर्डिनंडनं नवीन बांधायला काढलं. आराखडा होसे दे एर्मोसिया या लष्करी इंजिनियरचा. पुढं तिसरा चार्ल्स गादीवर आला, त्यानं १७६९ मध्ये काम फ्रान्सेस्को साबातिनी या इटालियन वास्तुकाराकडे दिलं. या चार्ल्सला माद्रिदचे लोक अजून ‘आमचा सगळ्यात चांगला महापौर’ म्हणतात. आपण एखाद्या राजाला चांगला महापौर म्हटलं तर त्याचा अपमान होईल. तिथं तो गौरव आहे. साबातिनीनं शहरात बरंच काही बांधलं, अल्काला वेस त्याचीच. पण वेशीवर त्यानं नक्षी केली आणि इथं मात्र हात आखडता घेतला, असं पहिल्यांदा वाटतं. बाहेरून ही इमारत अगदी सडी आहे. घडीव दगड, खिडक्यांच्या रांगा, बस्स. खरं कारण वेगळं होतं. १७८८ मध्ये चार्ल्स वारला, काम थांबलं, आणि साबातिनीनं योजलेल्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उभा राहिलेला होता. त्या तिसऱ्या हिश्श्यातच दवाखाना सुरू झाला. आज आपण ज्याला भव्य म्हणतो ते त्या माणसाच्या डोक्यातल्या इमारतीचा एक कोपरा आहे.

या सगळ्यात मला हवेची गोष्ट सर्वांत आवडते. साबातिनीच्या काळात जंतू कुणाला ठाऊक नव्हते. रोग दूषित हवेतून येतात, कुजलेल्या वासातून पसरतात, अशी तेव्हाच्या वैद्यांची खात्री. मग उपाय काय? हवा कोंडू द्यायची नाही. छत उंच करा, खिडक्या मोठ्या करा, मध्ये मोकळं अंगण ठेवा, म्हणजे वाईट हवा वर जाऊन बाहेर निघून जाईल. कारण साफ चुकलेलं होतं. पण त्या चुकलेल्या कारणावर बांधलेल्या वॉर्डात उजेड आला, दमटपणा कमी झाला, दोन माणसांत अंतर राहिलं, आणि पेशंटला निदान आभाळाचा तुकडा दिसला. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “आम्हालाही ट्यूटर तेच सांगायच्या. सकाळी ड्यूटीवर आलं की आधी खिडक्या, मग टेम्परेचर चार्ट.” फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा तर जंतूंवर फारसा विश्वासच बसत नव्हता म्हणतात, पण खिडक्यांच्या बाबतीत बाई ठाम होत्या.

अशा दवाखान्यात तेव्हा यायचं कोण, तर गरीब. पैसेवाल्याकडे वैद्य घरी जायचा. शेजारीच सान कार्लोसची वैद्यकीय शाळा होती. मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून शाईनं काढणारे रामोन इ काहाल तिथंच शिकवत. १९०६ चं नोबेल त्यांना वैद्यकासाठी मिळालं, पण त्यांची ती चित्रं पाहिलीत तर नोबेल चित्रकलेलाही द्यायला हरकत नव्हती असं वाटेल.

१९६५ मध्ये दवाखाना बंद झाला, खाटा नव्या जागी हलल्या. पुढची काही वर्षं ही एवढी मोठी वास्तू रिकामी पडून. पाडायच्या गोष्टीही चालल्या होत्या. स्टेशनासमोरची जागा म्हणजे सोन्याचा तुकडा. कुणाच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते सोलापूरकराला सांगायला नको. आपली १८७७ ची जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या गिरण्या, ज्यांच्या भोंग्यावर आख्ख्या शहराचा स्वयंपाक व्हायचा, त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. भोंगा गेला, मग माणसं गेली, मग छप्पर, मग पत्रे, शेवटी भिंती. आणि मग प्लॉट. सगळंच गेलं असं नाही. वारदांचा जुना वाडा, इंद्रभुवन, महापालिकेनं वापरला म्हणून उभा राहिला. रिकामी इमारत वाचवायची तर तिच्यात कुणीतरी राहायला जावं लागतं, एवढं मात्र खरं.

माद्रिदमध्ये १९७७ साली सरकारनं तिला ऐतिहासिक वास्तू जाहीर केलं आणि पाडापाडीचा विषय संपला. १९८० पासून आंतोनिओ फेर्नांदेस आल्बा या वास्तुकारानं दुरुस्ती हाती घेतली. १९८६ मध्ये कलाकेंद्र म्हणून दार उघडलं, १९८८ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला आणि १९९२ मध्ये कायमच्या संग्रहाचं उद्घाटन राजा-राणीच्या हस्ते झालं. मधल्या काळात इमारतीला बाहेरून काचेचे तीन लिफ्ट-मनोरे जोडले. इयान रिची हा ब्रिटिश वास्तुकार त्यात होता. त्या लिफ्टच्या काचा चौकटीत घट्ट बसवलेल्या नाहीत, पोलादी सळ्यांना टांगलेल्या आहेत. दोनशे वर्षांच्या दगडी अंगाला पारदर्शक नळ्या लावाव्यात तसं ते दिसतं. आतल्या कमानींना हात न लावता माणसं वर न्यायची ही युक्ती.

आईला ते लगेच पटलं. “लिफ्ट नंतर बसवली की बाहेरनंच बसते,” ती म्हणाली. “आपल्याकडे काय वेगळं होतं? फक्त आपली काचेची नसते.” वर जाताना चौक, रांग, स्टेशन सगळं पायांखाली गेलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

दालनं बघत चाललो. दाली, मिरो, हुआन ग्रिस. आईनं चित्रांकडे सभ्यपणे पाहिलं, पाहुण्यांच्या घरी अल्बम दाखवतात तेव्हा पाहतो तसं. तिचं लक्ष खिडक्यांवर. “ह्या सगळ्या बंद का?”

हा प्रश्न मला सुचला नसता. गॅलरीतल्या खिडक्या उजेडाला मोकळ्या होत्या, पण चित्रं होती त्या दालनांत काही खिडक्यांवर पडदे, काही सरळ भिंतीनं झाकलेल्या. मी तिला मला माहीत होतं तेवढं सांगितलं : चित्रांना ऊन चालत नाही, रंग उडतात. कागदावरच्या चित्राला तर साधारण पन्नास लक्स एवढाच उजेड देतात, म्हणजे आपल्या देवघरातल्या मिणमिणत्या बल्बसारखा. हवेतला दमटपणाही ठरलेल्या मापात लागतो. बाहेरची हवा आत आली तर कॅनव्हास आकसतो, फुगतो, रंगाला भेगा जातात. म्हणून खिडकी उघडायची नाही.

आई बराच वेळ त्या झाकलेल्या खिडकीपुढं उभी होती. “एवढ्या खिडक्या केल्या बिचाऱ्यानं,” ती म्हणाली. ‘बिचाऱ्यानं’ म्हणजे साबातिनीनं.

मलाही त्यानंतर दुसरं काही दिसेना. हवा आणि ऊन खेळावं म्हणून बांधलेली इमारत, आणि तिच्यात आता राहायला आलेल्यांना नेमकं हवा आणि ऊनच बाधतं. पूर्वीचे पेशंट बरे व्हायला यायचे, बरे झाले की जायचे. हे आत्ताचे कधीच बरे होणार नाहीत. ते फक्त जास्त बिघडू नयेत एवढ्यासाठी त्यांना इथं ठेवलंय. आईच्या भाषेत सांगायचं तर सगळा वॉर्ड क्रॉनिक.

दुसऱ्या मजल्यावर ‘गेर्निका’. त्या दालनात गर्दी होती, पण आवाज नव्हता. पन्नाससाठ माणसं अर्धवर्तुळात उभी, हात पुढं बांधलेले किंवा मागं. पूर्वी त्याचा फोटो काढायला बंदी होती, २०२३ मध्ये ती उठवली. तरी बरेच जण मोबाइल खिशातच ठेवून होते. चित्र साडेअकरा फूट उंच आणि साडेपंचवीस फूट लांब. मनातल्या मनात मी त्यावर आपल्या सिंगल चादरी अंथरल्या, आठेक बसल्या. मोजमापाची ही पद्धत कुठल्याही कलासमीक्षकाला चालणार नाही, पण मला त्यानं त्याचा आकार कळला.

२६ एप्रिल १९३७ ला स्पेनच्या यादवी युद्धात हिटलरच्या काँडोर लीजननं उत्तरेकडच्या गेर्निका या गावावर बाँब टाकले. पिकासो पॅरिसमध्ये होता. तिथल्या जागतिक प्रदर्शनात स्पॅनिश दालनासाठी त्याला मोठं चित्र करायचंच होतं. मे ते जून, पाच आठवड्यांच्या आसपास, त्यानं हे काढलं. रंग म्हणाल तर काळा, पांढरा आणि राखाडी. स्पेनमध्ये लोकांचं राज्य येईपर्यंत चित्र तिकडे न्यायचं नाही असं त्यानं सांगून ठेवलं, आणि मग ते देशोदेशी गुंडाळून फिरलं, बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात राहिलं. १९७४ मध्ये तिथं एकानं त्यावर लाल स्प्रेनं अक्षरं लिहिली. वर व्हार्निश होतं म्हणून ती पुसता आली. १९८१ मध्ये ते माद्रिदला आलं, १९९२ मध्ये इथं. इतक्या वेळा गुंडाळल्यानं त्याची तब्येत आता अशी आहे की ते कुणालाही कुठंही पाठवत नाहीत, गेर्निका ज्या प्रांतात आहे तिथल्या लोकांनी मागितलं तरी नाही. २०१२ मध्ये त्याच्यापुढं एक यंत्रमानव बसवून रात्री इंच इंच तपासणी केली, अतिनील आणि अवरक्त किरणांनी. एक्स-रेच म्हणा.

हे मी आईच्या कानाशी पुटपुटत होते. ती ऐकत नव्हती.

डावीकडे बैलाखाली एक बाई आहे, मांडीवर मूल, तोंड वर करून ओरडणारी. आई म्हणाली, “मूल गेलंय.” मी म्हटलं, हो, सगळे तसंच सांगतात. “सगळ्यांचं सोड. मान बघ. झोपलेल्या मुलाची मान अशी पडत नाही. नाकपुड्या बघ.” पिकासोनं ते मूल चार रेघांत काढलंय, नाक उलटं, डोळे उलटे. मला आजवर ती चित्रकाराची शैली वाटत होती.

मग तिनं हळूहळू उजवीकडं नजर नेली, राउंड घेतल्यासारखी. खाली आडवा पडलेला माणूस, मुठीत मोडलेली तलवार. मधला घोडा, जीभ सुरीसारखी बाहेर. खुरडत येणारी एक बाई, तिचा गुडघा सुजलेला. (“हिला उभंच राहता येणार नाही.”) उजव्या टोकाला आगीत हात वर केलेली एक. सगळ्यांवर छताला तो डोळ्यासारखा विजेचा दिवा.

“एवढे पडलेत आणि ड्यूटीवर कुणीच नाही,” आई म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, “नाही, आहे. ही बघ.”

वरच्या खिडकीतून एक बाई आत झेपावते, लांबच लांब हात, आणि हातात वातीचा दिवा. तिचा चेहरा घाबरलेला आहे, पण ती बाहेर पळत नाही, आत येते. या दिवेवालीबद्दल पुष्कळ लिहून झालंय. कुणी तिला सत्य म्हणतं, कुणी स्वातंत्र्य, कुणी आणखी काय. आमच्या आईला मात्र काहीच शोधावं लागलं नाही. नर्सिंगला प्रवेश घेतल्यावर मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात; आईचा त्या दिवशीचा फोटो आमच्या घरात शोकेसच्या मागच्या रांगेत आहे, पांढरी टोपी, पिनवर पिन, आणि दिव्याच्या उजेडात अर्धा चेहरा. “खिडकी उघडी आहे म्हणून तरी आत आली,” आई म्हणाली.

नऊला दहा मिनिटं असताना पहारेकरी दालनात फिरू लागले. काहीतरी हळू आवाजात सगळ्यांना सांगत होते. भाषा आम्हाला येत नव्हती. आईनं काठी उचलली. “चल, झाली वेळ.”

खाली जाताना झां नूवेलच्या नव्या भागातून गेलो. २००५ मध्ये झालेली ही भर, वर मोठं लाल छप्पर, अंगणात लिख्टेनश्टाइनचा ब्रशच्या फटकाऱ्याचा पुतळा. जागा साठ टक्क्यांहून जास्त वाढली म्हणे. छान आहे, चकचकीत आहे. मला तिथं थांबावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर रात्री झोप लागेना. डोक्यात १९३७ फिरत होतं. सोलापूरच्या माणसाला स्पेनच्या युद्धाशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण देणंघेणं आहे, आणि ते भैय्या चौकात आहे.

‘गेर्निका’ काढलं गेलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात नॉर्मन बेथून हा कॅनेडियन सर्जन माद्रिदमध्ये होता. शहराला वेढा पडलेला. त्यानं एक साधी गोष्ट केली : जखमी माणसाला रक्तापर्यंत आणण्याऐवजी रक्तच जखमींपर्यंत न्यायचं. शहरातले लोक येऊन रक्त द्यायचे, ते बाटल्यांत भरून थंड ठेवायचं आणि गाडीतून आघाडीवर पोचवायचं. त्याच युद्धात मदनमोहन अटल नावाचे एक भारतीय डॉक्टरही सेवा करायला गेले होते. पुढं १९३८ मध्ये जपाननं चीनवर लादलेल्या युद्धात मदतीसाठी काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्याचे प्रमुख हेच अटल. आणि त्या पाचांत एक, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून नुकतेच बाहेर पडलेले सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

बेथूनही स्पेननंतर चीनला गेला. ऑपरेशन करताना बोटाला कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तो वारला. त्याच्या नावानं जे शांतता रुग्णालय उभं राहिलं, त्याचे संचालक झाले आमचे कोटणीस. पथकातले बाकीचे चौघे परतले. कोटणीस राहिले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले. वय बत्तीस. म्हणजे माद्रिदच्या वेढ्यातून निघालेली एक वाट चीनच्या डोंगरांतून जाऊन थेट आपल्या भैय्या चौकातल्या घरी पोचते. शाळेत कोटणीसांचा धडा शिकलो, जयंतीला भाषणं ऐकली, पण स्पेनचं नाव कुणी काढलं नव्हतं. की मीच ऐकलं नव्हतं, देव जाणे.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी आईला म्हटलं, कोटणीसांच्या स्मारकात जाऊ. रिक्षानं दहा मिनिटं. जन्मात आम्ही तिथं गेलो नव्हतो. माद्रिद आधी झालं. त्यांचं राहतं घर आता स्मारक आहे. बाहेर डॉक्टरांचा पुतळा, आत फोटो. चीनहून मोठमोठे पाहुणे इथं आवर्जून येतात आणि आम्ही गावातले लोक त्यावरून ‘भैय्या चौक, पुढं घ्या’ म्हणत जातो.

दुपारची वेळ, आत आम्ही दोघीच. आई एका फोटोपुढं थांबली. कोटणीस आणि त्यांची बायको, कुओ चिंगलान. “ही नर्स होती,” मी म्हटलं. आईनं चष्मा पुसला, परत लावला. त्यांच्या मुलाचं नाव यिन-हुआ होतं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, हेही सांगितलं. नाव ऐकून ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “बाळ किती महिन्यांचं होतं, हे गेले तेव्हा?”

“काही महिन्यांचंच. त्याच वर्षी जन्मलेलं.”

तिनं मान हलवली आणि नेहमीप्रमाणं खिडक्यांकडं बघितलं.

बाहेर पडलो तर चार वाजत आले होते. “शेजारच्या काकूंचं मोतीबिंदू झालंय काल,” आई म्हणाली. “आलोच आहोत तर बघून जाऊ.” कोपऱ्यावर मोसंबी घेतली. दवाखाना नवा, फरशी चकाचक, खोलीत दोन कॉट, एसी लावलेला आणि काकू शालीत गुरफटून बसलेल्या. डोळ्याला हिरवा चष्मा. आईनं विचारपूस केली, ड्रॉप कितीदा टाकायचे ते विचारलं, चिठ्ठी स्वतः वाचून बघितली. शेजारच्या कॉटवरच्या बाईंना काय झालंय तेही पाच मिनिटांत कळलं. मी खुर्चीवर बसून डुलक्या काढत होते.

सहाला पाच कमी असताना एक पोरगेलीशी सिस्टर दारात आली. बावीस-तेवीसची असेल. “चला मावशी, झाली वेळ.”

आई लगेच उठली. माझ्याआधी. पदर सावरला, काठी घेतली. जाता जाता तिनं कॉटमागचा पडदा बाजूला सारला, कडी काढली आणि खिडकी चार बोटं उघडून ठेवली.